मांजराची साखर जाते कुठे?

जनावराची साखर उतरते म्हणजे काय होतं, हे मंचर भागातल्या दूधवाल्याला शिकवावं लागत नाही. अवसरी फाट्याला गोवर्धनचा दूधप्रकल्प, आसपासच्या गोठ्यांत संकरित गाई. व्यायल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत एखादी गाय खुराक सोडते, दुधाला कमी होते. डॉक्टर किटोसिस म्हणतात आणि शिरेतून ग्लुकोज देतात. तिची साखर दुधात गेलेली असते. लिटरभर दुधात साधारण 47 ग्रॅम दुग्धशर्करा असते. वीस लिटर देणारी गाय रोज जवळजवळ किलोभर साखर बादलीत ओतत असते.

त्याच घरातलं म्हातारं मांजर झोकांड्या खाऊ लागलं आणि तपासणीत साखर 45 निघाली, तर मात्र कोडं पडतं. मांजर मांसाहारी. पिठूळ अन्न त्याला फारसं लागतच नाही. प्रथिनांपासून साखर बनवायचं काम त्याचं यकृत रात्रंदिवस करत असतं. त्यामुळे धडधाकट मोठं मांजर दिवसभर उपाशी राहिलं तरी साखर सहसा ढळत नाही. एरवी ती 70 ते 150च्या दरम्यान असते. उलट पिशवीत कोंबून, मोटारसायकलवरून दवाखान्यात आणलेल्या घाबरलेल्या मांजराची साखर 200च्या वर गेलेली सापडते. अशा मांजराची 45 भरली, तर आत काहीतरी बिघडलंय हे नक्की.

कारणं बरीच असतात. मधुमेही मांजराला इन्शुलिन जास्त टोचलं जाणं हे सगळ्यात नेहमीचं. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, निकामी यकृत, उपाशी पिल्लू हीही कारणं. ही बाद झाल्यावरच इन्शुलिन सोडणाऱ्या गाठीचा विचार करायचा, कारण मांजरात ती फार क्वचित होते. कुत्र्यांत त्याहून जास्त दिसते.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन सोडतात. साखर उतरली की त्या हात आखडतात. त्यांचीच गाठ झाली, म्हणजे इन्शुलिनोमा, की हा लगाम सुटतो. साखर 40 असो की 140, गाठ इन्शुलिन सोडतच राहते. ते साखर स्नायूंत आणि चरबीत ढकलतं, शिवाय यकृतालाही साखर सोडू देत नाही. मेंदूकडे स्वतःचा साठा नाही. म्हणून मागचे पाय लुळे पडतात, अंग थरथरतं, नजर शून्यात लागते, शेवटी झटके येतात. खाल्लं की मांजर पुन्हा ठीक. घरचे फिट म्हणून सोडून देतात, ते इथंच चुकतं.

काही गाठी स्वादुपिंडाबाहेरच्या असतात, उदाहरणार्थ यकृतातल्या मोठ्या गाठी. त्यांतल्या काही इन्शुलिनसारखं काम करणारं दुसरंच द्रव्य सोडतात. मग साखर कमी आणि खरं इन्शुलिनही कमी, असं दिसतं.

म्हणून दोन्ही एकाच वेळच्या रक्तात मोजतात. साखर 60च्या खाली असताना इन्शुलिन जवळपास नसायला हवं. ते ‘नॉर्मल’ आलं तरी संशय पक्का, हे रिपोर्ट वाचताना हमखास निसटतं. रक्त पाठवण्यातही गोम आहे. साध्या नळीत तांबड्या पेशी साखर खातच राहतात. मंचरहून पुण्याला साठेक किलोमीटर जाईपर्यंत चांगली साखरही कमी दिसू शकते. साखरेसाठी राखाडी बुचाची, फ्लोराइडची नळी लागते. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराचा आकडा बहुतेकदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. आणि माणसांच्या कित्येक इन्शुलिन चाचण्यांना मांजराचं इन्शुलिन ओळखूच येत नाही, तेव्हा लॅबला आधी विचारलेलं बरं.

गाठ बारीक असली तर सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. सापडली आणि पसरलेली नसली, तर शस्त्रक्रिया. नाहीतर दर चार-सहा तासांनी थोडं थोडं प्रथिनयुक्त खाणं आणि प्रेडनिसोलोन. गाईसारखी ग्लुकोजची मोठी मात्रा एकदम दिली, तर गाठ आणखी इन्शुलिन सोडते आणि साखर पुन्हा कोसळते.

घरी झटका आला तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. थोडा मध किंवा साखरेचा पाक हिरड्यांना चोळा, पण दातांमध्ये बोट घालू नका. शुद्धीवर आलं की खायला घाला आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. जाताना चिठ्ठीवर दोन वेळा लिहून न्या: शेवटचं कधी खाल्लं आणि झटका कधी आला.