उपग्रह-नकाशांची पडताळणी आणि वऱ्हाडची जमीन

उपग्रहाच्या प्रतिमांवरून कोणत्या जागी शेत, जंगल, पाणी किंवा वस्ती आहे हे दाखवणाऱ्या नकाशाला भू-आच्छादन नकाशा म्हणतात, आणि तो कितपत विश्वासार्ह आहे हे ठरवण्यासाठी त्याची प्रत्यक्ष स्थितीशी पडताळणी करावी लागते. हे काम किती अवघड आहे, ते वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत स्पष्ट दिसते. मेळघाटातील साग उन्हाळ्यात निष्पर्ण झाला की जंगल झुडपी रानासारखे भासते, कपाशीतील तुरीच्या ओळी वेगळ्या ओळखता येत नाहीत आणि खारपाणपट्ट्यात खरिपात मोकळे ठेवून रब्बीत हरभरा घेतलेले शेत पावसाळी प्रतिमेत पडीक ठरते. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांना शेत म्हणावे की जंगल, हा प्रश्न तर व्याख्येचाच आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान 10 टक्के वृक्षछाया असलेले एक हेक्टरहून मोठे क्षेत्र, मालकी कोणाचीही असो, वनाच्छादनात मोडते आणि त्यात फळबागाही येतात.

अशा प्रदेशात अचूकतेचा एकच आकडा दिशाभूल करतो, कारण 100 हेक्टरांपैकी 90 हेक्टर शेत व 10 हेक्टर बागा असताना सर्वत्र शेतच दाखवणारा नकाशाही 90 टक्के अचूक ठरतो, पण त्यात एकही बाग सापडत नाही. म्हणून नकाशात दाखवलेल्या बागांपैकी खऱ्या किती आणि खऱ्या बागांपैकी नकाशाला गवसल्या किती, हे प्रत्येक वर्गासाठी स्वतंत्रपणे सांगावे लागते.

सीईओएस या उपग्रह-संस्थांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहभागातून 2006 मध्ये पडताळणीच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या आणि 2025 मध्ये त्या समितीने अद्ययावत कार्यपद्धती मांडली. तपासणीच्या जागा रस्त्याकाठच्या सोयीने न निवडता, प्रत्येक जागेच्या निवडीची संभाव्यता आधीच ज्ञात असेल अशा रीतीने निवडाव्यात, हा या कार्यपद्धतीचा पाया आहे. भारतीय शेतीला हे तत्त्व नवे नाही, पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी 1940 च्या दशकात पीककापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुना-निवडीची बैठक दिली होती.

क्षेत्रफळ काढतानाही नकाशातील रंगीत चौकटी मोजून भागत नाही, तर नमुन्यातील चुकांचे प्रमाण पाहून आकडा सुधारावा आणि त्यासोबत संभाव्य त्रुटीची मर्यादा द्यावी, असे सीईओएसची कार्यपद्धती सांगते. कपाशीचे किंवा संत्र्याचे क्षेत्र वाढले की घटले, याचा निर्णय ही मर्यादा पाहूनच करता येतो, कारण दोन वर्षांतील फरक तिच्याहून लहान असेल तर त्याला बदल मानण्यास आधार उरत नाही.