फेरफारात भेटणारे पूर्वज

पिंपरी-चिंचवडमध्ये फिरताना जुन्या भागांची नावं जरा कान देऊन ऐका. लांडेवाडी, काळभोरनगर, कस्पटे वस्ती. खुद्द पिंपरीचं जुनं नाव पिंपरी वाघेरे. ही सगळी माणसांची आडनावं. कारखाने येण्याआधी इथं नांदणाऱ्या घराण्यांची नावं वाड्यावस्त्यांना लागली आणि वस्त्या शहरात विरघळल्या तरी नावं राहिली. उलट वाकडकर किंवा चिंचवडे म्हटलं की गावानं माणसाला नाव दिलेलं दिसतं.

मी मोडी वाचतो, हे कळल्यापासून बरेच जण एकच प्रश्न घेऊन येतात. ''आमच्या आडनावावरून आमचं मूळ गाव सांगा.'' मी नाही म्हणतो. नुसत्या आडनावावरून मूळ गाव सांगणारा माणूस फार तर करमणूक करतो. एकच आडनाव चार तालुक्यांत, तीन जातींत सापडतं. शिवाय आपल्या जुन्या कागदांत आडनाव असेलच असं नाही. तिथं असतं 'रामजी बिन मल्हारजी, मौजे अमुक, तर्फ चाकण'. बिन म्हणजे मुलगा. बाई असेल तर 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. तेव्हा गाव पक्कं आणि बापाचं नाव पक्कं, एवढं हाती असलं की काम सुरू होतं. आडनाव नंतर जुळवून बघायचं.

विलायतेत ही गोष्ट सोपी आहे, असं आपण ऐकतो. ते बरंचसं खरं आहे. इंग्लंडमध्ये 1538 साली प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम झाला. 1837 पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली, 1841 च्या जनगणनेपासून घरोघरची नावं मिळतात. शेतमजूरसुद्धा जन्मला, लग्न केलं, मेला, की तीनदा वहीत यायचा. आपल्याकडं वह्या कमी होत्या असं नाही. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल हजारोंनी आहेत. पण आपला कागद लिहिला जाई तो वसुलीसाठी, हक्कासाठी आणि भांडणासाठी. काहीतरी हातातून गेलं किंवा हातात आलं, की माणसाचं नाव कागदावर चढायचं. ज्याचं काहीच हललं नाही, तो लिहिलाच गेला नाही.

चिंचवडचंच उदाहरण घ्या. मोरया गोसावींच्या वंशातल्या देव घराण्याची हकिगत पिढ्यान्‌पिढ्या लागते, कारण इनामगावं होती, सनदा होत्या आणि इंग्रजी अमलात 1852 नंतर इनाम कमिशनपुढं हक्क शाबीत करावे लागले. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानं या घराण्यावर पुस्तक लिहिलं, ते 1989 मध्ये केंब्रिजहून निघालं. त्याच चिंचवडातल्या कुंभाराचं काय? एखाद्या पाटीलकीच्या तंट्यात गावाची गोतसभा बसली असेल, महजर झाला असेल, तर खाली त्याचं नाव आणि निशाणी सापडेल. कुणब्याची निशाणी नांगर, परटाची मोगरी. नशीब असेल तर तेवढी एक ओळ. मात्र त्याच महजरात वादी-प्रतिवादींचा 'करीना' असतो, म्हणजे आपण या गावात कसे आलो, कोणाच्या वेळी दुष्काळ पडला, कोण परागंदा झाला, याची साद्यंत हकिगत. भांडखोर पूर्वज असावेत असं मला यामुळंच वाटतं.

सामान्य शेतकरी घरानं मात्र पेशवे दफ्तरापासून सुरुवात करू नये. सुरुवात घरातल्या सातबाऱ्यापासून करावी. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नावांभोवती कंस आणि शेजारी वर्तुळात आकडे दिसतात. कंस म्हणजे ते नाव कमी झालं, आकडा म्हणजे फेरफार नंबर. तो नंबर घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, काढायची. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि सगळे वारस असतात. त्यातून आणखी जुना नंबर मिळतो. अशा पायऱ्या उतरत आपण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हक्कनोंदणीपर्यंत पोचतो. त्याच्या मागं भूमिअभिलेख कार्यालयातलं कडईपत्रक, शेतवार पत्रक असतं. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने उतारे आता स्कॅन होऊन संगणकावरही आले आहेत.

दोन खाचखळगे सांगतो. खेड तालुक्यात एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. आजचा गट घेऊन जुन्या वहीत शोधाल तर भलत्याच्या घरात शिराल, म्हणून आधी जुना सर्व्हे नंबर जुळवायचा. दुसरं, नावापुढं 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे थोरल्याच्या एका नावाखाली धाकटे दोन-तीन भाऊ दडलेले आहेत.

आता या पट्ट्यातला खरा प्रश्न. जमीनच राहिली नसेल तर? 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, 1972 मध्ये पिंपरी-चिंचवडचं नवनगर प्राधिकरण. पुढं चाकण परिसरातही संपादन झालं. चाकणजवळच्या एका गावचा तरुण माझ्याकडं आला होता. शेत गेलं त्या भागातल्या कारखान्यात तो फिटर आहे. मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचा पुरावा हवा होता. ''आमचा सातबारा बंद झाला, आता काय सापडणार?'' म्हणाला. पण जमीन जाणं हीच तर सगळ्यात मोठी नोंद. संपादनाच्या निवाड्यात एकूण एक हितसंबंधितांची नावं असतात, चुलत घराण्यासकट. त्यावरून जुने फेरफार निघाले आणि चार पिढ्या लागल्या.

दाखल्याचा विषय निघालाच आहे. जातपडताळणीला अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्याला भाव आला. गाव नमुना 14, म्हणजे गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते उघडलं गेलं. शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं गेलं. भोसरी-चाकणला नोकरीसाठी आलेल्या मराठवाड्यातल्या मंडळींना मात्र इथं बसून काही मिळत नाही. त्यांच्या गावचे निजामकाळचे कागद उर्दूत आहेत आणि नंतरचं खासरा पत्रक तिकडच्या तहसिलीत.

मला जास्त काळजी वाटते ती ज्यांना कधीच जमीन नव्हती त्यांची. पालात जन्म, पालात मरण. गावोगाव दगड फोडत फिरलेल्या आजोबाचा 1961 पूर्वीचा कागद नातवाकडं मागणं हे मला तरी न्यायाचं वाटत नाही. अशा घरांनी शाळेचं रजिस्टर सर्वांत आधी बघावं. आजोबा नाही, तर त्यांचा एखादा भाऊ पहिलीत चार महिने बसलेला असतो.

कागद नसेल तिथं दुसऱ्या वाटा आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडं यात्रेकरूंच्या नामावळी आहेत. गाव आणि जात सांगितली की वही निघते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारी येऊन वंशावळ सांगतात. जुन्या कागदावर 'अर्बा सबैन मया व अलफ' असं काही दिसलं तर घाबरू नका. ते अरबी अंक आहेत. चार, सत्तर, शंभर, हजार. सुहूर सन 1174. त्यात 599 मिळवा, इसवी सन 1773 येतं. वर्षाचा शेवटचा भाग असेल तर 600.

राहिल्या बायका. घरोघरी टांगलेल्या वंशवृक्षात मुली नसतात, सुना तर नसतातच. त्या सापडतात फेरफारात. बाप लहान मुलं मागं ठेवून गेला, की मुलांच्या नावापुढं 'अ.पा.क.' येतं, अज्ञान पालन करणार, आणि पुढं आईचं नाव. लेकीचं नाव येतं ते बाप गेल्यावर वारस म्हणून, सासरच्या नावासह. आणि बऱ्याचदा पुढच्याच पानावर हक्कसोडपत्र होऊन तिच्या नावाला कंस पडलेला असतो. तरीही तेवढ्यावरून आत्या कोणत्या गावी दिली होती ते कळतं. त्या गावच्या तलाठ्याकडं जावं. तिथल्या फेरफारात ती पुन्हा भेटते, या वेळी आई म्हणून.