मागच्या सीटवरचा आवाज

आमच्या गाडीतल्या रेडिओला मी कधी फारसा हात लावला नव्हता. गाडी मी चालवते हं, अगदी घाटातसुद्धा! पण ती बटणं म्हणजे ‘ह्यां’चं खातं, असंच डोक्यात बसलेलं.

मागच्या महिन्यात बॅटरीनं मान टाकली. नवी बसवली, तर रेडिओची सगळी आठवणच पुसली गेली. लावून ठेवलेली स्टेशनं गायब, घड्याळ बारावर. तशीच गाडी घेऊन सासऱ्यांसोबत कऱ्हाडहून कोल्हापूरला निघाले. चरफडत कशाबशा बातम्या लावल्या, तोच मागून आवाज आला, ‘‘सूनबाई, आज रेडिओ लावलास होय?’’

आता काय म्हणावं! रोजच तर लावतो की...

वाटेत चहाला थांबलो तेव्हा कप्प्यातलं गाडीचं पुस्तक काढलं. त्यात ‘फेडर’ नावाची भानगड सापडली. ‘बॅलन्स’नं आवाज डावी-उजवीकडे सरकतो, ‘फेडर’नं पुढे-मागे. आणि लख्खकन आठवलं. लेक चार वर्षांची असताना मागे झोपायची, म्हणून ह्यांनी सगळा आवाज पुढे घेतला होता. लेक आता आठ वर्षांची झाली, आवाज पुढेच राहिला! बॅटरी काढल्यावर तो आपोआप मधे आला.

चार वर्षं आम्ही पुढे गाणी ऐकत हसत होतो आणि अण्णा मागे खिडकीबाहेर बघत बसायचे. ‘वयानं तिरसट झालेत,’ असं मीच माहेरी फोनवर सांगितलेलं. तो चहा काही गोड लागला नाही.

पुढे निघाल्यावर अण्णा म्हणाले, ‘‘आवाज येतोय, पण शब्द नीट कळत नाहीत गं.’’ म्हणून आवाज वाढवला, तर नुसती धडधड. नंतर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, की वय झालं की बारीक, टोकदार आवाज आधी कमी ऐकू येतात. ‘स’, ‘फ’, ‘त’ अशी अक्षरं निसटतात. नुसता आवाज मोठा करून शब्द स्पष्ट होत नाहीत.

घरी आल्यावर अण्णांना मागे बसवून मी उभ्या गाडीतच खटपट केली. ‘बास’ म्हणजे ढोलाचा जाड आवाज, तो उतरवला. ‘ट्रेबल’ म्हणजे झांजेचा, तो थोडा चढवला. फेडर जरासा मागे. ‘‘आता कळतंय!’’ लेकीचं तोंड वाकडं, कारण तिच्या गाण्यांतली मजाच गेली म्हणे. परत येताना तिच्यासाठी बास वाढवायचा, असा तह झाला.

स्टेशनं जतन करणंही सोपं आहे. स्टेशन लागलं की नंबराचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. कोल्हापूर आकाशवाणीचं १०२.७ मी पहिल्या नंबरावर ठेवलंय. मधे टेकडी आली की एफएम खरखरतं, तेव्हा उगाच बटणं पिळू नका, पुढे गेल्यावर येतं. आणि हे सगळं गाडी सुरू करण्याआधीच. चालवताना मागच्याचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

अण्णांच्या कानाला यंत्र लागणार आहे, मापं दिलीत. परवा मात्र मागून फर्मान सुटलं, ‘‘सूनबाई, बारीक कर जरा. केवढ्यानं ओरडतोय तो!’’