पातळ पसरातला पट्टा

हिवतापाच्या स्लाइडवर एकाच रक्ताचे दोन नमुने असतात. एका बाजूला जाड थेंब, दुसऱ्या बाजूला पातळ पसर. गडचिरोलीत स्लाइडी वाचताना माझा निम्मा निर्णय जाड थेंबावरच होऊन जायचा. मलेशियातल्या साबाहमध्ये, एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, तंत्रज्ञ बाईंनी जाड थेंब पटकन पाहिला आणि स्लाइड पातळ पसराकडे सरकवली. जाड थेंबात तांबड्या पेशी फुटून गेलेल्या असतात. परजीवी आहे एवढं तिथे कळतं; तो पेशीत कसा बसलाय ते पाहायचं तर पेशी शाबूत हवी.

रुग्ण पामतेलाच्या मळ्यातला मजूर होता. तेलाचा थेंब टाकून शंभराची लेन्स फिरवली. एका पेशीत नाजूक कडी दिसली, माणसांच्या हिवतापातल्या फॅल्सिपेरम जातीचीच वाटावी अशी. थोडं पुढे दुसऱ्या पेशीत आडवा पट्टा दिसला, हुबेहूब मलेरी या दुसऱ्या जातीचा.

माकडांच्या हिवतापाचा परजीवी, प्लाझमोडियम नोलेसी, असाच चकवतो. कोवळा असताना फॅल्सिपेरमसारखा, वाढल्यावर मलेरीसारखा. 1932 साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या नोल्स आणि दासगुप्ता यांनी बाधित माकडाचं रक्त टोचून तो माणसालाही होतो हे दाखवलं होतं. 1965 मध्ये पहांगच्या जंगलात जाऊन आलेल्या एका अमेरिकी माणसात नैसर्गिक लागण सापडली. पुढच्या पाहण्यांत काही हाती लागलं नाही, म्हणून तो अपवाद मानला गेला. इकडे सरावाकच्या कपित भागात ‘मलेरी’चे रुग्ण येतच होते, चांगलेच आजारी आणि रक्तात परजीवींची गर्दी असलेले. मलेरी असा वागत नाही. बलबीर सिंग, जेनेट कॉक्स-सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परजीवींचा डीएनए तपासला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 208 रुग्णांपैकी 120 जणांत नोलेसी निघाला.

इकडे प्रयोगशाळेत बाईंचा एक हात पांढऱ्या पेशींच्या काउंटरवर, दुसरा परजीवींच्या. मलेरीचं चक्र 72 तासांचं असतं, नोलेसीचं 24 तासांचं. आजचा आकडा उद्या कित्येक पट होऊ शकतो. म्हणून नोंदवहीत ‘मलेरी किंवा नोलेसी’ लिहिण्याआधी त्यांनी वॉर्डात फोन केला. रक्त डीएनए तपासणीला जाईल, उत्तर यायला वेळ लागेल. उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो तपासणीच्या अर्जावरचा एक प्रश्न: गेल्या काही आठवड्यांत जंगलात किंवा मळ्यात गेला होतात का? लांब शेपटीची माकडं हा परजीवी बाळगतात. साबाहमधला बालाबासेन्सिस डास घराबाहेर, तिन्हीसांजेपासूनच चावू लागतो. मच्छरदाणीत शिरेपर्यंत मजुराला चावून झालेलं असतं. जंगल तुटून मळे झाले तशी माकडं, डास आणि माणसं एकमेकांच्या जवळ आली. साबाहच्या उत्तर टोकाला, कुदात परिसरात, गावाभोवतीचं जंगल जिथे घटलं तिथे रुग्ण जास्त आढळले आहेत.

मलेशियात 2018 पासून माणसांच्या नेहमीच्या हिवतापाची स्थानिक लागण शून्यावर आली. हे मोठं यश आहे. त्याच वर्षी नोलेसीचे चार हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. माणसांना औषध देऊन नोलेसीचा साठा संपणार नाही, तो माकडांत आहे. म्हणूनच ‘हिवताप गेला’ म्हणत स्लाइड वाचणारी माणसं कमी करणं मला घातक वाटतं. रक्तात परजीवी कमी असतील तर रॅपिड टेस्टमधून नोलेसी सहज निसटतो.

आपल्याकडून मलेशिया-थायलंडला सहलीला आणि कामाला बरेच जण जातात. तिथल्या जंगलातून परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर कुठे गेला होता ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी त्याच दिवशी रक्ताची स्लाइड तपासून घ्या.