खाडा पडल्यानंतरचा दिवस

अमेरिकेतल्या ‘२४ अवर फिटनेस’ या जिमच्या साखळीतील ६१ हजारांहून अधिक सभासदांवर एक प्रयोग झाला. माणसे व्यायामाला जास्त वेळा यावीत म्हणून शास्त्रज्ञांनी पन्नासहून अधिक युक्त्या तयार केल्या आणि प्रत्येक युक्ती चार आठवडे चालवून पाहिली. २०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाले. सगळ्यांत सरस ठरलेली युक्ती अगदी किरकोळ होती. वेळा आधी ठरवून घेणे, आठवणीचे संदेश पाठवणे हे तर होतेच. शिवाय दांडी मारलेला सभासद पुन्हा जिममध्ये आला, की त्याला सुमारे नऊ सेंटचे जादा पॉइंट मिळत. आपल्या हिशेबात तेव्हाचे सहा-सात रुपये! या गटाच्या फेऱ्या कोणतीच युक्ती न लावलेल्या सभासदांपेक्षा २७ टक्क्यांनी जास्त भरल्या.

सहा-सात रुपयांसाठी कोणी घाम गाळत नाही. पण हे बक्षीस परत येण्याबद्दल होते, सलग येण्याबद्दल नव्हते, आणि सगळी गोम इथेच आहे. उत्साह ओसरतोच, नव्याचे नऊ दिवस कोणाला चुकलेत? पावसाची झड लागते, पाहुणे येतात, ताप येतो. तीन दिवस चालणे बुडते आणि चौथ्या दिवशी मनाशी ठरते, ‘आता एक तारखेपासूनच.’ ती एक तारीख मग गणपतीनंतर, दिवाळीनंतर असे करत पुढे सरकत राहते.

या आरंभशूरपणाला एका लोकप्रिय आकड्याचाही हातभार आहे. २१ दिवसांत सवय लागते, असे छातीठोकपणे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात मानला जातो. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढेच त्याचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला आणि चेहऱ्याची गोष्ट व्यायामाला चिकटली. बाविसाव्या दिवशीही पांघरूण सोडवत नसेल, तर माणूस स्वतःलाच दोष देतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे लक्ष ठेवले. जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे, थोडे धावणे असे ज्याचे त्याने निवडलेले काम रोज ठरल्या प्रसंगी करायचे होते. ते विचार न करता हातून घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागतात, असे दिसले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे हा मोठा आकडा गणिताने बांधलेला अंदाज आहे.) पाणी पिण्याची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. आणि मधला एखादा दिवस चुकला, तर सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही, हेही त्यात दिसून आले.

मग मन नसेल तेव्हा उठायचे कशाच्या जोरावर? ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. काही विद्यार्थ्यांना व्यायाम आणि हृदयविकार यांविषयी पटवून देणारे पत्रक वाचायला दिले. त्यांची इच्छा वाढली, पण पुढच्या आठवड्यात व्यायाम केला ३५ टक्क्यांनी. काहीच न सांगितलेल्या गटात तेच प्रमाण ३८ टक्के होते. तिसऱ्या गटाने पत्रक वाचून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून काढले. त्यातल्या ९१ टक्के जणांनी तो केला.

‘मी चालायला लागणार’ हा नुसता संकल्प झाला. ‘ऑफिसातून आल्यावर बूट न काढता सोसायटीला तीन फेऱ्या’ असे ठरले, की मनाला कौल लावण्याचे कारण उरत नाही. तीन जमत नसतील त्या दिवशी एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला, पण एका वेळी निदान दहा मिनिटे हवीत ही जुनी अट काढून टाकली. पाच मिनिटेही हिशेबात धरली जातात. औंध संस्थानाचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून रुजवलेल्या सूर्यनमस्काराला तर सतरंजीएवढीच जागा लागते. बारा झाले नाहीत, तर दोन घालावेत.

जिमच्या त्या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगायला हवी. चार आठवडे संपल्यावर बहुतेक युक्त्यांचा परिणाम विरला. बाहेरून मिळालेला धक्का फार काळ पुरत नाही. ठरलेली वेळ आणि जागा ज्याची त्यालाच सांभाळावी लागते.

मात्र प्रत्येक मरगळ आळसाची नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि तिथे वेळापत्रकापेक्षा डॉक्टरांची गरज असते. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.