ऐकू न येणारी वेलांटी

प्राथमिक शाळेतील शुद्धलेखन स्पर्धा ही बहुतेक ठिकाणी श्रुतलेखनाच्या रूपात घेतली जाते; श्रुतलेखन म्हणजे शिक्षकाने शब्द किंवा वाक्य मोठ्याने उच्चारावे आणि विद्यार्थ्याने ते ऐकून कागदावर उतरवावे. मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, हे या पद्धतीमागचे गृहीतक आहे. व्यंजनांच्या बाबतीत ते बरेचसे खरे असले, तरी इकार आणि उकार यांच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, आणि मुलांचे बहुसंख्य गुण याच उरलेल्या अर्ध्या भागात जातात.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात हा विषय मांडण्यास एक विशेष औचित्य आहे. १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे याच तालुक्यात असून, त्यांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, ओळी सरळ चालाव्यात, काने, मात्रा आणि वेलांट्या नेटक्या याव्यात, तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये कारण ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, अशा अत्यंत व्यवहारी सूचना त्यात आढळतात. मात्र तेथे भर आहे तो अक्षराच्या वळणावर. वेलांटी पहिली की दुसरी, हा आजच्या परीक्षकाचा प्रश्न तेथे नाही. त्या काळी रोजच्या कारभाराची लिपी असलेल्या मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, हे लक्षात घेतले म्हणजे आज ज्याला शुद्धलेखन म्हटले जाते ते किती अलीकडचे आहे हे कळते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या चौदा नियमांना १९६२ साली शासनमान्यता मिळाली, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली, आणि शाळेत शिकवले जातात ते हेच अठरा नियम होत.

या नियमांतील ऱ्हस्व-दीर्घाचा गाभा स्पर्धेच्या दृष्टीने नीट पाहण्यासारखा आहे. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा आणि शब्दाचे अंत्य अक्षर अकारान्त असल्यास त्याच्या आधीचा, म्हणजे उपान्त्य, इकार किंवा उकारही दीर्घ लिहावा, असा हा नियम आहे. पुढे शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे जे सामान्यरूप होते, त्यात हा उपान्त्य स्वर ऱ्हस्व होतो. घनसावंगीच्या शिवारातील पिकांची नावे घेतली तरी हे सारे डोळ्यांसमोर येते: ऊस पण उसाला, मूग पण मुगाचा, तूर पण तुरीची, कापूस आणि उडीद यांच्या बाबतीत तर मधला स्वर नाहीसाच होऊन कापसाला आणि उडदाची अशी रूपे होतात. विहीर या एका शब्दात पहिली आणि दुसरी अशा दोन्ही वेलांट्या आहेत, आणि तीच विहिरीत झाली की मधली वेलांटी बदलते. हे बदल मुलाच्या तोंडी आधीपासून असतात, कारण येथे नियम उच्चाराच्या मागे चालतो आणि म्हणून येथे कान पुरतो.

अडचण सुरू होते ती तत्सम शब्दांपाशी, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांपाशी. खूण आणि गुण या शब्दांतील उकार बोलताना सारखाच लांबतो. तरीही पहिला दीर्घ आणि दुसरा, संस्कृतात तसा आहे म्हणून, ऱ्हस्व लिहावा लागतो. गरीब या शब्दाचे गरिबाला होते, पण शरीर या शब्दाचे शरिराला होत नाही, शरीराला असेच राहते. गंमत अशी की गरीब, वकील, जमीन, हुकूम हे शब्दही बाहेरूनच, अरबी-फारसीतून आले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या या मुलखात तर ते उर्दूतील सरकारी कारभारामुळेही रोजच्या कानावर होते. परंतु त्यांना मूळ भाषेची सवलत मिळाली नाही आणि जमिनीला, वकिलाला अशी अस्सल मराठी रूपे त्यांनी निमूटपणे घेतली. तत्सम शब्दांनाही हाच न्याय लावावा, असे काही अभ्यासक दीर्घकाळ मांडत आले आहेत. त्यांचे म्हणणे मुलांच्या बाजूचे आहे, यात शंका नाही. नियम बदलेपर्यंत मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाने कोणता शब्द संस्कृत आणि कोणता मराठी हे ओळखावे, अशी अपेक्षा स्पर्धा अप्रत्यक्षपणे करते, आणि ती अवाजवी आहे.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत पाणी, लोणी यांचे उच्चार अनेक घरांत पानी, लोनी असे होतात. असे लिहिणाऱ्या मुलाने चूक ऐकलेले नसते, उलट घरी ऐकलेले इमानाने लिहिलेले असते. त्याला प्रमाणलेखन, म्हणजे सर्वांनी एकसारखे लिहिण्याचा संकेत, शिकवावा. त्याची बोली अशुद्ध आहे, असे सांगण्याचे कारण नाही.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यानंतर मराठी शाळांतही इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धा रुळल्या. त्यांचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धेचा असून ती १९२५ साली सुरू झाली. १९८५ साली तेथे पहिल्यांदा भारतीय वंशाचा मुलगा जिंकला आणि २०१९ साली तर आठ जणांना एकत्र विजेते घोषित करावे लागले. इंग्रजीत अशी स्पर्धा रंगते, कारण तेथे उच्चार पुढे सरकले आणि लेखन मागे राहिले. सरदार या अर्थाचा ‘नाइट’ (knight) म्हणताना ‘के’ ऐकू येत नाही, पण लिहावा लागतो, त्यामुळे एकेक शब्द स्वतंत्रपणे पाठ करण्याला पर्याय उरत नाही. मराठीचे तसे नाही. येथे एक नियम कळला की शेकडो शब्द हाती लागतात, म्हणून किंकर्तव्यमूढ यासारखे शब्द काढून मुलांना पेचात पकडणारी स्पर्धा ही मराठीच्या स्वभावाला सोडून आहे आणि तिच्यातून घोकंपट्टीच वाढते.

तेव्हा केंद्रावर किंवा तालुक्याच्या ठिकाणी अशी स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकांनी शब्दांची यादी सुट्या शब्दांची न करता ऊस-उसाला, विहीर-विहिरीत अशा जोड्यांची करावी आणि मोजके तत्सम शब्द आधीच जाहीर करावेत. परीक्षकाच्या टेबलावर मो. रा. वाळंबे किंवा अरुण फडके यांचे लेखनविषयक पुस्तक असावे, म्हणजे वाद तेथल्या तेथे मिटेल. निकालाच्या दिवशी केवळ पहिल्या तिघांना प्रमाणपत्रे देऊन न थांबता प्रत्येक मुलाला त्याची तपासलेली उत्तरपत्रिका परत द्यावी, आणि चुकलेल्या शब्दासमोर त्याच नियमाचा दुसरा एखादा सोपा शब्द लिहून द्यावा.