भोंगा ऐकला की वाट सोडा

बाजाराचा दिवस होता. बैलगाड्या, मोटारसायकली आणि उसाच्या ट्रॉल्या यांनी रस्ता भरून गेला होता. आम्ही वडापच्या जीपने गावाकडे निघालो होतो. एवढ्यात मागून भोंगा ऐकू आला. दवाखान्याची गाडी येत होती.

जीपवाल्याने आरशात पाहिले. तो म्हणाला, "आत कुणी झोपल्यालं दिसत न्हाई. रिकामी गाडी हाय. तिला कसली घाई?"

शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. ते म्हणाले, "आरं लेका, आणायला चालली आसंल की!"

जीपवाला उमजला. त्याने जीप डावीकडे घेतली. गाडी पुढे निघून गेली.

आम्ही फाट्यावर उतरलो, तोच तीच गाडी परत आली. तिच्यात वस्तीवरची एक बाळंतीण होती. तिचे रक्त थांबत नव्हते, असे लोकांनी सांगितले.

बाळंतपणानंतर फार रक्त जाऊ लागले, तर थोड्या तासांत बाईचा जीव जाऊ शकतो. साप चावला तर विषावरची लस दवाखान्यातच मिळते. घर पेटले की सारे आगीच्या बंबाची वाट पाहतात. अशा वेळी पाच मिनिटेसुद्धा फार असतात. म्हणून गाडी भरलेली असो की रिकामी, भोंगा वाजला की वाट सोडायची.

वाट कशी सोडावी?

घाबरून एकदम ब्रेक दाबू नका. मागचा येऊन आदळेल. आरशात पाहा. हात किंवा दिवा दाखवा. वेग कमी करा आणि डावीकडे व्हा. जरूर पडली तर थांबा. गाडी समोरून येत असली तरी हेच करा. म्हणजे मधला रस्ता मोकळा होतो.

अरुंद पुलावर किंवा वळणावर थांबू नका. थोडे पुढे जा आणि मोकळी जागा पाहून थांबा.

भोंग्याने बैल बुजतात. बैलगाडी कडेला घ्या. खाली उतरून वेसण धरा आणि बैलांना चुचकारा.

ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावू नका. भोंगा ऐकूच येत नाही.

गाडी गेली की तिच्या मागोमाग पळू नका. मागून दुसरी गाडी येत असेल. आधी पाहा, मग निघा.

पुष्कळ गाड्यांच्या तोंडावर इंग्रजी अक्षरे उलटी लिहिलेली असतात. ती रंगाऱ्याची चूक नव्हे! पुढच्या गाडीच्या आरशात ती सुलटी दिसतात. दवाखान्याची गाडी मागे आली आहे, हे पुढच्याला लगेच कळते.

वाट न देणे हा गुन्हा आहे. २०१९ साली मोटारींच्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली. त्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पण दंडाचे भय कशाला हवे? महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ नंबरला फोन केला की दवाखान्याची गाडी फुकट येते. आज ती दुसऱ्याच्या दारी चालली असेल. उद्या आपल्याही दारी तिला यावे लागेल. तेव्हा तिच्या वाटेत कोणी आडवे उभे राहू नये, असेच आपल्याला वाटेल ना?